कोण सांगतं आणि कोण मांडतं

‘बहिणाबाई लिहितात’ असं वाक्य प्रबंधात दिसलं की माझी पेन्सिल तिथे थांबते. कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. १८८० साली असोद्यात जन्मलेली, जळगावात नांदायला आलेली ही शेतकरीण शेतात, जात्यावर, चुलीपुढे गाणी म्हणत राहिली आणि मुलगा सोपानदेवांनी व घरातल्या आणखी एका नातलगानं ती कागदावर उतरवून घेतली. १९५१च्या डिसेंबरात त्या गेल्या. गाण्यांचं पुस्तक निघालं १९५२ साली. कुणीतरी ऐकलं, कुणीतरी लिहून घेतलं, लेवा गणबोलीचे उच्चार बाराखडीत बसवताना कुणीतरी काही निर्णय केले, हे सगळं ‘लिहितात’ या एका क्रियापदाखाली गडप होतं. ‘बहिणाबाई म्हणतात’ असं लिहिलं की ते पुन्हा मोकळं होतं. आपल्याकडे बाई गाणं म्हणते, ओवी म्हणते, आरती म्हणते. म्हणजे इथे साधं, सगळ्यांना कंटाळवाणं वाटणारं ‘म्हणतात’च सगळ्यात नेमकं आहे.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली बहिणाबाईंचं नाव दिलं गेलं. त्या नावाचं मुखपृष्ठ असलेले मराठीचे, इतिहासाचे, समाजशास्त्राचे प्रबंध माझ्याकडे वाचायला येतात. काही माझ्या विद्यार्थ्यांचे, काही ओळखीपाळखीच्यांचे, ‘मॅडम, एकदा नजर घाला’ म्हणून आलेले. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांतली ही मुलं. बरीचशी घरातली पहिली पदवीधर. कापूस वेचून, केळीच्या बागेत काम करून, सुटीत दुकानावर बसून शिकलेली. विषय त्यांचे मोठे सुंदर असतात: आखाजीची गाणी, पावरा लग्नविधी, तापीकाठची बाजारगावं, अहिराणीतल्या म्हणी. सामग्री खच्चून भरलेली असते. आणि मग अवतरण आलं की त्याच्या मागे-पुढे लावायच्या क्रियापदापाशी सगळं अडतं.

अडतं ते असं. पहिल्या मसुद्यात सगळीकडे ‘म्हणतात’ असतं. इतिहाससंशोधक राजवाडे म्हणतात, भाषा-सर्वेक्षण करणारे ग्रिअर्सन म्हणतात, अमुक अभ्यासक म्हणतात, गावातली आजी म्हणते. मार्गदर्शक समासात लिहितात, ‘तेच तेच क्रियापद नको, विविधता आणा.’ सूचना वाईट नाही. पण ती कशासाठी दिली हे कुणी समजावून सांगत नाही, म्हणून मुलं पर्यायी शब्दांची यादी शोधतात. अशा याद्या मोबाइलवरून फिरत असतात. मग दुसऱ्या मसुद्यात पाळीपाळीनं एकेक शब्द येतो: पहिल्या परिच्छेदात प्रतिपादन करतात, दुसऱ्यात अधोरेखित करतात, तिसऱ्यात विशद करतात, चौथ्यात उद्धृत करतात, आणि पाचव्यापासून पुन्हा प्रतिपादन.

यातला ‘उद्धृत करतात’ तर हमखास चुकीच्या जागी बसतो. ‘राजवाडे उद्धृत करतात की…’ असं लिहून पुढे राजवाड्यांचंच स्वतःचं वाक्य येतं. उद्धृत राजवाडे करत नाहीयेत, उद्धृत तो विद्यार्थी करतोय. राजवाड्यांनी दुसऱ्या कुणाचं वाक्य घेतलं असेल तरच ते ‘उद्धृत करतात’. एवढी एक गोष्ट कळली तरी कोणता विचार कुणाचा, याचा निम्मा गोंधळ सुटतो. तीच गत ‘अधोरेखित’ची. वर्तमानपत्रांनी हा शब्द इतका राबवलाय की आता कुणी काहीही बोललं तरी ते अधोरेखितच होतं. एखाद्या लेखकानं आधीच मांडलेल्या गोष्टीवर मुद्दाम जोर दिला असेल, तर अधोरेखित. त्यानं ती गोष्ट पहिल्यांदाच सांगितली असेल, तर नाही.

मला वाटतं, क्रियापद निवडताना स्वतःला एकच विचारायचं: या माणसानं हे वाक्य लिहून किंवा बोलून नेमकं काय केलं? त्यानं मोजलं का? पाहिलं का? शंका काढली का? दुसऱ्याचं म्हणणं खोडलं का? आधी नाकारलेली गोष्ट नाइलाजानं मान्य केली का? उत्तर मिळालं की क्रियापद आपोआप येतं आणि विविधताही येते, कारण माणसं खरोखरच वेगवेगळ्या गोष्टी करत असतात. पाच अभ्यासकांनी पाच ठिकाणी नुसती माहिती दिली असेल, तर पाचही ठिकाणी ‘नोंदवतात’ आलं तरी मला चालतं.

केन हायलंड या भाषाभ्यासकानं १९९९ साली आठ विद्याशाखांमधले ऐंशी शोधनिबंध घेऊन इंग्रजी लेखकांची ही सवय तपासली होती. चारशेहून जास्त वेगवेगळी क्रियापदं सापडली, पण त्यातली जवळजवळ निम्मी फक्त एकेकदाच आली होती. उलट सुचवणं, युक्तिवाद करणं, आढळणं, दाखवणं, वर्णन करणं, प्रस्ताव मांडणं आणि अहवाल देणं, अशा अर्थाच्या सात क्रियापदांनी एकूण वापराचा चौथाईहून मोठा वाटा उचलला होता. म्हणजे मुरलेले लेखकही बहुतेक काम मोजक्या शब्दांत भागवतात. आणि ते शब्द विषयागणिक बदलतात. तत्त्वज्ञानवाले जास्त करून म्हणतात, युक्तिवाद करतात, दावा करतात. जीवशास्त्रवाल्यांना आढळतं, ते वर्णन करतात, नोंदवतात. आपल्याकडे पाहा ना, रावेर-यावलकडच्या केळीवरच्या करप्यावर लिहिणाऱ्या मुलाला ‘आढळलं’ या क्रियापदाशिवाय पान उलटता येणार नाही, कारण त्याच्या आधीच्या माणसांनी बागेत जाऊन पानं पाहिली आणि डाग मोजले. अमळनेरला १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, तिथे जे वाद झाले असतील त्यात ‘आढळलं’ला फारशी जागा नसणार. तिथे पूर्वपक्ष असतो, आक्षेप असतो, त्याचं खंडन असतं. तेव्हा केळीवाल्याची यादी तत्त्वज्ञानवाल्यानं घेऊ नये आणि उलटही करू नये.

आता मराठीची आपली एक वेगळी गोष्ट. इंग्रजीत क्रियापद बहुतेक वेळा अवतरणाच्या आधी येतं, वाचक तयारीनं आत शिरतो. मराठीत ‘असं’ लावून ते शेवटी टाकायची आपली जुनी रीत आहे. ‘अहिराणी ही मराठीची बोली नव्हे, असं अमुक दाखवून देतात.’ ‘अहिराणी ही मराठीची बोली नव्हे, असं अमुक बजावतात.’ ‘अहिराणी ही मराठीची बोली नव्हे, असं अमुक गृहीत धरतात.’ मजकूर तोच, पण वाक्याचा निकाल शेवटच्या शब्दात लागतो. दाखवून देतात म्हटलं की मीही ते मानलं. बजावतात म्हटलं की त्यांच्या आवाजातला जोर वाचकाला कळला, पण मी अजून कुठल्याच बाजूला गेले नाही. गृहीत धरतात म्हटलं की मी त्यांना पुरावा मागितला. वाचकानं ओळभर मजकूर विश्वासानं वाचला आणि शेवटी त्याला कळलं की लेखकाचा यावर विश्वास नाही, हे मराठीत सहज होऊ शकतं. एक-दोन ओळींच्या अवतरणाला ही रीत शोभते, त्यात एक छान ताण असतो. पण अर्धं पान अवतरण आणि मग तळाशी ‘असा दावा ते करतात’ असं आलं तर वाचकाला परत वर जाऊन सगळं नव्यानं वाचावं लागतं. म्हणून लांब अवतरणाच्या आधी क्रियापद ठेवावं, ‘ते असा दावा करतात:’ असं म्हणून अवतरण खाली मोकळं सोडावं. आणि दोन्हीकडे नको. ‘ते म्हणतात की, … असे ते म्हणतात’ हे इतक्या प्रबंधांत दिसतं की आता कुणाला खटकतही नाही.

‘यांच्या मते’ हा आणखी एक लाडका प्रयोग. क्रियापद निवडायची कटकटच नको म्हणून मुलं तो वापरतात. पण मत म्हणजे ज्यावर दोघांचं दुमत होऊ शकतं ते. ‘अमुक यांच्या मते तापी नदी मुलताईजवळ उगम पावते’ हे वाक्य मी खरंच वाचलंय. तापी बैतूल जिल्ह्यात मुलताईपाशीच उगम पावते, तिथून सुरतेपलीकडे समुद्राला मिळते, यात कुणाच्या मताचा प्रश्न येत नाही. अशा ठिकाणी कुणाचं नाव घ्यायचीही गरज नाही, सरळ लिहावं. याच्या उलटही घडतं आणि ते जास्त नुकसान करतं. एखाद्यानं वर्षानुवर्षं गावोगाव फिरून शब्द गोळा केले, कोष्टकं केली आणि निष्कर्ष काढला, त्याला आपण ‘यांच्या मते’ म्हणून चावडीवरच्या गप्पांच्या पंक्तीला बसवतो.

अहिराणीवरच्या प्रबंधांत तर क्रियापदाची खरी परीक्षा होते. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०७ सालच्या खंडात खानदेशी, म्हणजे अहिराणी जिच्यात धरली जाते ती भाषा, भिल्ली भाषांसोबत छापलेली आहे. आता यावर विद्यार्थी लिहितो, ‘ग्रिअर्सन यांनी सिद्ध केले की अहिराणी ही भिल्ली गटातील भाषा आहे.’ दुसरा लिहितो, ‘ग्रिअर्सन यांचा गैरसमज आहे की…’ दोघांनीही ग्रिअर्सननं काय केलं ते सांगितलंच नाही. त्यानं वर्गवारी केली. अधिकाऱ्यांकडून मागवलेले नमुने समोर ठेवून, एका चौकटीत, एका खणात ती भाषा ठेवली. ‘वर्गवारी करतो’ असं लिहिलं की पुढचा प्रश्न आपोआप दार ठोठावतो: कशाच्या आधारावर? नमुने कुठल्या गावचे? कुणी उतरवून पाठवले? प्रबंध तिथून सुरू होतो. ‘सिद्ध केले’ म्हटलं तर तो तिथेच संपतो, आणि ‘गैरसमज आहे’ म्हटलं तर ते दाखवून द्यायची जबाबदारी आपल्यावर येते, जी त्या पानावर कुणीच पार पाडलेली नसते.

जनगणनेचंही तसंच. २०११च्या जनगणनेत अहिराणी धरून खानदेशी भाषिकांचा आकडा १८ लाख ६० हजारांच्या आसपास आहे. २००१ साली तो २० लाखांच्या वर होता. ‘जनगणना सिद्ध करते की अहिराणी बोलणारे घटले’ असं लिहायचा मोह प्रत्येकाला होतो. पण जनगणना नोंदवते. दारात आलेल्या माणसाला लोकांनी मातृभाषा म्हणून जे सांगितलं, ते ती नोंदवते. धुळ्यात घरात अहिराणी बोलणारी आणि फॉर्मसाठी मराठी सांगणारी कुटुंबं मला कितीतरी माहीत आहेत. आकडा घटला यात भाषा किती घटली आणि ती सांगायची इच्छा किती घटली, हे ‘नोंदवते’ या क्रियापदानं उघडं राहतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला बसले तिच्याकडे येते.

क्रियापदातून आपण माणसांना जागा वाटून देतो. प्रबंधभर पाहत जा, विद्वान प्रतिपादन करतात, मांडतात, विश्लेषण करतात, सिद्धान्त देतात. गावातली माणसं सांगतात. फार तर तक्रार करतात. आणि आदिवासी असतील तर कबूल करतात. ‘पाड्यावरील एका व्यक्तीने कबूल केले की ते देवाला कोंबडा देतात.’ कबूल? त्यात चोरून करण्यासारखं काय होतं? त्यानं ते आनंदानं, अभिमानानं सांगितलं असेल. कबूल केलं म्हटल्यावर तो माणूस नकळत आरोपीच्या जागी उभा राहतो.

हे क्रियापद कुठून आलं याचा माग काढला तर तो जुन्या सरकारी कागदांकडे जातो. १८१८मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, १८२५मध्ये भिल्ल पलटण उभी राहिली, १८५७-५८मध्ये खाज्या नाईक, भीमा नाईक यांच्या नावानं सातपुडा धगधगला. त्या काळचे अहवाल लिहिणाऱ्यांनी भिल्लांबद्दल जे लिहिलं ते राज्यकर्त्याच्या खुर्चीतून लिहिलं. १८८० साली निघालेलं खानदेशचं गॅझेटिअर आजही आम्हा सगळ्यांच्या टेबलावर असतं, आणि असायलाच हवं, इतकी माहिती दुसरीकडे एकत्र मिळत नाही. पण त्यात एखाद्या जमातीला ‘लुटारू’ म्हटलं असेल आणि विद्यार्थ्यानं लिहिलं, ‘गॅझेटिअरमध्ये नमूद आहे की अमुक जमात लुटारू होती’, तर त्यानं कलेक्टर कचेरीचा शिक्का आपल्या हातानं पुन्हा उमटवला. ‘नमूद’ हा शब्द तलाठ्याच्या दप्तरातला. नमूद झालं की ते खरं, असा त्याचा रुबाब. तिथे ‘ठरवतं’ लिहा, ‘शिक्का मारतं’ लिहा, ‘आरोप ठेवतं’ लिहा. माहिती तीच राहील आणि वाचकाला दिसेल की कुणीतरी कुणाबद्दल बोलतंय.

जुनी पत्रं वाचणाऱ्यांना हे जास्त लवकर कळतं असा माझा अनुभव आहे. राजवाडे शेवटी धुळ्यात होते, १९२६च्या ३१ डिसेंबरला तिथेच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथेच आहे. मोडी पत्रांशी झटणारी मुलं तिथे जातात. त्या पत्रांना आपलं क्रियापद स्वतःच्या कपाळावर लावून यायची सवय असते. वरचा खालच्याला लिहितो तेव्हा ‘आज्ञा केली ऐसीजे’. खालचा वरच्याला लिहितो तेव्हा ‘विज्ञापना ऐसीजे’. बरोबरीचे एकमेकांना ‘विनंती विशेष’ म्हणतात. पहिल्या दोन ओळींत कोण कुठे बसलंय ते कळतं. असं असताना आपण तिन्ही पत्रांना ‘पत्रात लिहिले आहे’ म्हणालो तर निम्मा इतिहास हातानं पुसला. एका पाटलानं दुष्काळात सारा सोडा म्हणून विनवलं, तर त्यानं ‘कळवलं’ नाही. तो विनवतो, गाऱ्हाणं घालतो. आणि वरून उत्तर आलं ते ‘कळवलं’ नाही, ‘फर्मावलं’.

मराठी क्रियापदाला आणखी एक ओझं वाहावं लागतं, जे इंग्रजीला नाही. त्यात मानही असतो आणि लिंगही. राजवाडे म्हणतात, पण कालिदास म्हणतो. ॲरिस्टॉटल म्हणतो. ग्रिअर्सन जुन्या लेखनात ‘म्हणतो’, नव्यात ‘म्हणतात’. कालिदासाला ‘म्हणतो’ म्हणण्यात अनादर नाही, तिथे जवळीक आहे, देवाला अरे-तुरे करतो तशी. पण एकाच पानावर प्राध्यापक म्हणतात, अधिकारी म्हणतात आणि सत्तरीची बाई मात्र म्हणते, सालदार म्हणतो, हे कुठल्या जवळिकीतून येतं? त्या बाईच्या ओट्यावर बसून त्या मुलानं तिचा चहा घेतलेला असतो, तिला ‘आजी, तुम्ही’ म्हणूनच बोललेला असतो. प्रबंधात ती ‘एक वृद्ध महिला’ होते आणि ‘सांगते’. ओट्यावरचा मान कागदावर येईपर्यंत कुठे जातो?

माझी एक विद्यार्थिनी, शिरपूरकडची, कानबाईच्या गाण्यांवर काम करत होती. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई बसते, नारळाला नथ-दागिने घालून देवी सजते, रोट होतात, रात्रभर गाणी चालतात. ही मुलगी वेगवेगळ्या गावच्या बायकांकडून तेच गाणं ऐकत होती आणि कडवी बदलतात कशी ते टिपत होती. तिच्या चौथ्या प्रकरणात एक परिच्छेद होता. त्यात एका अभ्यासकाचं म्हणणं: मौखिक परंपरेत विवाहामुळे गीतांचं स्थलांतर होतं, ‘असे ते प्रतिपादन करतात.’ आणि खालीच, ‘एका वृद्ध महिलेने सांगितले की, सून ज्या गावची येते त्या गावचं कडवं गाण्यात मिसळतं.’

मी दोन्ही वाक्यांखाली रेघ मारली आणि तिला बोलावलं.

“या आजींनी हे नुसतं सांगितलं की कशावरून ते पण सांगितलं?”

“सांगितलं ना मॅडम. दोन घरांची नावं घेतली. एका घरात सून साक्रीकडची, एका घरात चोपड्याची. कुठलं कडवं कुणी आणलं ते म्हणून दाखवलं.”

“आणि एखादं घर असं, जिथे असं झालं नाही?”

ती जरा थांबली. “हो. म्हणाल्या, अमक्या घरात सासू गाऊच देत नाही सुनेला, तिथलं गाणं जुनंच आहे.”

म्हणजे आजींनी नियम सांगितला, दोन दाखले दिले, अपवाद सांगितला आणि अपवादाचं कारणही सांगितलं. त्या अभ्यासकाच्या उताऱ्यात दाखला एकही नव्हता. मी तिला एवढंच म्हटलं की आता दोन्ही क्रियापदं पुन्हा निवड. तिनं दोन दिवस घेतले. अभ्यासकांपुढे आलं ‘असे ते सुचवतात’. आजींचं वाक्य तिनं मोडून तीन वाक्यं केली: त्या असं निरीक्षण नोंदवतात, दोन घरांचे दाखले देतात, आणि सासूनं अडवलेल्या घराकडे बोट दाखवून अपवादाचं कारण उलगडतात. आजींना विचारून त्यांचं नावही प्रबंधात घातलं. ‘सांगितले’ गेलं आणि त्याच्या जागी एक विचार करणारी बाई आली.

त्याच प्रकरणात दुसऱ्या एका बाईंचं बोलणं होतं. नवरा गेल्याचं त्या बोलत होत्या, आणि सुरुवातच ‘तुले काय सांगू माय’ अशी होती. विद्यार्थिनी उत्साहात होती, तिनं तिथेही ‘निरीक्षण नोंदवतात’ लिहिलं. ते मी काढायला लावलं. दुःखाला शास्त्राचे कपडे चढवू नयेत. तिथे ‘म्हणतात’च हवं होतं. मान ‘त्या’ आणि ‘म्हणतात’ यांत पुरेसा होता.

गावच्या बायकांची स्वतःची एक उद्धरणाची रीत असते, ती या मुलीमुळे मला नीट ऐकू आली. तिच्या ध्वनिमुद्रणांत जागोजाग यायचं: ‘मन्ही माय सांगे’. कडवं कुणाचं, रीत कुणाची, ते आधी सांगायचं आणि मग मजकूर. ज्ञान आपलं स्वतःचं म्हणून मिरवायचं नाही. त्यातला भूतकाळही पाहा: सांगे, म्हणजे एकदा सांगून मोकळी झाली नाही, सांगत असे, पुन्हा पुन्हा. शोधनिबंधातला कुठलाही ‘यांच्या मते’ याच्या जवळपास येत नाही. प्रमाण मराठीत हे ‘सांगत असे’ करून लिहिता येतं, पण मुलं ‘सांगितले होते’ करतात आणि ती वर्षानुवर्षांची सवय एका दुपारची होऊन बसते.

आपली जुनी मराठी याबाबत किती दक्ष होती! महानुभावांच्या लीळाचरित्रात ‘सर्वज्ञें म्हणीतलें’ हे शब्द इतक्या वेळा येतात की आजच्या एखाद्या मार्गदर्शकानं लाल शाई ओतली असती. पण तिथे क्रियापद बदलायची गरजच नव्हती. लीळाचरित्र लिहिणाऱ्या म्हाइंभटांना सर्वज्ञांचं, म्हणजे चक्रधर स्वामींचं, बोलणं होतं तसं हवं होतं, त्यासाठी ते ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यांच्याकडे गेले. आणि त्या परंपरेनं एकाच प्रसंगाचे वेगवेगळ्यांच्या आठवणीतले पाठही कुणाचा कुठला ते सांगून जपले. सगळं लक्ष कोणी म्हटलं आणि कोणी ऐकलं याकडे. संस्कृतात पाणिनीच्या व्याकरणावर भाष्य लिहिणाऱ्या पतंजलीची रीत आणखी बारीक: पाणिनीनं एखादी गोष्ट शब्दांत सांगितली नसेल, पण त्याच्या सूत्ररचनेतून ती निघत असेल, तर तिथे ‘आचार्यप्रवृत्तिर्ज्ञापयति’ असं येतं. आचार्य म्हणतात असं नाही, आचार्यांचं वागणं कळवतं. लेखक काय बोलला आणि त्याच्या लेखनातून आपण काय काढलं, यातली रेघ इतकी स्वच्छ आजचे किती प्रबंध ओढतात? ‘यावरून असे सूचित होते’ हे वाक्य ज्या सढळ हातानं आपण कुणाच्याही नावावर टाकतो, ते पाहून वाईट वाटतं.

माझ्या एका सहकाऱ्यांचं म्हणणं वेगळं आहे. ते इतिहास शिकवतात, आणि मी त्यांचा शब्द मानते. त्यांचा आग्रह असा की प्रबंधात संशोधकानं तटस्थ राहावं, म्हणून सगळ्यांना एकच ‘म्हणतात’ लावावं आणि पुढे स्वतंत्र वाक्यात आपला अभिप्राय द्यावा. क्रियापदात अभिप्राय लपवला की वाचक बेसावध पकडला जातो. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. ‘ठणकावतात’, ‘कांगावा करतात’ अशी क्रियापदं पेरून वाद न घालताच समोरच्याला पाडायचं, हे मीही पाहिलंय आणि ते गैर आहे. जिथे शंका असेल तिथे ‘म्हणतात’ बरं, हे मी त्यांच्याकडून घेतलंय. पण विनंतीला ‘म्हणतात’ म्हणणं आणि हुकमालाही ‘म्हणतात’ म्हणणं मला तटस्थ वाटत नाही, कारण त्यात हुकूम करणाऱ्याची सोय होते. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

पण ते म्हणतात तसंच करायचं ठरलं, एकच क्रियापद सगळ्यांना, तर निदान ते खरोखर सगळ्यांना लागू दे. राजवाडे म्हणतात, गॅझेटिअरकार म्हणतात, पाड्यावरचे कारभारी म्हणतात, कानबाई बसवणाऱ्या आजी म्हणतात. अशा एकाच मापाच्या ‘म्हणतात’नं लिहिलेला प्रबंध अजून माझ्याकडे आलेला नाही. आला तर त्यातल्या एकाही ‘म्हणतात’खाली मी रेघ मारणार नाही.